सत्तावीस नंबरचा डावा डोळा

नोव्हेंबरातली दुपार होती, म्हणजे उत्तरेकडच्या कोस्किवारा गावात नावालाच दुपार. तीन वाजले होते आणि चौकातले दिवे केव्हाच लागले होते. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असलं काहीतरी सारखं गळत होतं. डोळे तपासायचं काम करणारी योन्ना चष्म्याच्या दुकानात काचा पुसत बसली होती. दार उघडलं, थंड वाऱ्याचा झोत आला, आणि पाठोपाठ... धाडकन आवाज!

दाराच्या डाव्या हाताला फ्रेमांची उभी मांडणी होती. ती आडवी झाली होती. वीसेक चष्मे जमिनीवर विखुरले होते आणि त्यांच्या मधोमध एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस पाय कुठे ठेवू या विचारात उभा होता.

"दिसत नाही का हो?" योन्नाच्या तोंडून निघून गेलं.

"दिसत नाही म्हणूनच आलो," तो शांतपणे म्हणाला.

तिला हसू आलं. ते दाबत ती खाली बसली आणि चष्मे गोळा करू लागली. तोही गुडघ्यांवर बसला. त्याच्या हातांची बोटं तिने पाहिली – दोन वाकडी, एकाचं नख कायमचं गेलेलं. नाक दोन ठिकाणी मोडून पुन्हा बसवलेलं. आणि अशा हातांनी तो एकेक चष्मा इतक्या हळुवार उचलत होता, जणू पाखराची पिल्लं घरट्यात ठेवतोय.

"नाव?" तिने नोंदवही उघडत विचारलं.

आतून कप फुटल्याचा आवाज आला. दुकानाची मालकीण राउनी कॉफी घेऊन बाहेर येत होती, ती दारातच थिजली होती. "अगं, नाव काय विचारतेस! सत्तावीस नंबर! यार्को हुत्तुनेन!"

योन्नाला काही अर्थबोध झाला नाही. दहा वर्षं ती दक्षिणेला तुर्कूला होती. लग्न मोडलं म्हणून गेल्या वसंतात गावी परतली होती. आइस हॉकीचं आणि तिच्या खेळाडूंचं तिला सोयरसुतक नव्हतं. राउनीच्या मेलेल्या नवऱ्याची सामन्यांच्या हॉलमधली खुर्ची मात्र राउनी अजून दरवर्षी राखून ठेवायची, यावरून या गावाला बर्फावरच्या त्या खेळाचं किती वेड आहे ते तिने ओळखायला हवं होतं.

"डोळे तपासायचेत," यार्को म्हणाला. "दोन्ही. पण खरं म्हणजे... डावा."

अंधाऱ्या खोलीत त्याने उजव्या डोळ्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. डावा उघडला तेव्हा तिसऱ्या ओळीवर तो अडखळला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आज सराव जास्त झालाय. दमलोय. मंगळवारी परत येऊ?"

तो मंगळवारी आला. पुढच्या गुरुवारीही आला. तिसऱ्या खेपेला हातात कागदाची पिशवी होती, त्यात दालचिनीचे गरम पाव.

"तपासणीची लाच?" योन्नाने विचारलं.

"फुटलेल्या कपाची भरपाई. राउनीबाईंसाठी."

"मग तीन कसे?"

"एक माझा." त्याने पिशवी पुढे केली. "आणि एक... कुणी खाणारं असेल तर."

राउनी पाव घेऊन मुद्दाम आतल्या खोलीत निघून गेली. संध्याकाळी दुकान बंद करताना तिने योन्नाला डोळा मारला. "त्या माणसाचे डोळे बिघडलेत, की तुझे? काल तू श्रीमती लेपिस्तोना पुरुषाची फ्रेम बसवलीस."

खरं होतं ते. योन्नाचं लक्ष उडालं होतं. दाराची घंटा वाजली की तिचा हात आपोआप केसांकडे जायचा. तपासणी झाल्यावर ती दोघं गोठू लागलेल्या तळ्याच्या काठाने चालायची. तो नेहमी तिला आपल्या उजव्या बाजूला घ्यायचा. तिला वाटायचं, काय हा जुन्या वळणाचा सभ्यपणा!

तो बोलायचा कमी, पण बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं. पंधरा हंगाम, सात गावं. एकदा समुद्रापलीकडे मोठ्या लीगमध्ये अकरा सामने, मग खांदा निखळला आणि परतीचं विमान.

"गोल किती केलेस?" तिने एकदा विचारलं.

"पंधरा वर्षांत एकतीस."

"एवढेच?"

"मी बचावपटू आहे गं. माझं काम गोल होऊ न देण्याचं. लोकांनी मॅच बघून घरी जावं आणि मी खेळलो होतो की नाही हेही त्यांना आठवू नये, म्हणजे मी चांगला खेळलो." तो हसला. वरच्या दातांपैकी दोन खोटे होते, हे तिला आता ठाऊक होतं. "पेपरात माझं नाव आलं, की समजायचं, घात झाला."

"मग तुला बघायला कुणी येतच नसेल!"

"आत्तापर्यंत नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पुढे चालू लागला. पण त्याचे कान लाल झाले होते – थंडीने म्हणावं, तर टोपी त्याने कानांवरून आत्ताच वर सारली होती.

तिला हे सगळं फार आवडत होतं, आणि आवडतंय याचीच भीती वाटत होती. एकदा पोळलेली बाई ती. रात्र व्हायच्या आतच अंधारणाऱ्या त्या दिवसांत मनात असं काही उजाडायला लागलं, की ते खरं की भास हेच कळत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर तो आठव्यांदा खुर्चीत बसला.

"आज डावा एकदम ठीक वाटतोय," तो म्हणाला. तिने त्याचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवर अक्षरं आणण्यासाठी बटण दाबलं. बोट घसरलं. नेहमीच्या तक्त्याऐवजी भलताच तक्ता उमटला, लहान मुलांचा. घर, मासा, झाड, बदक.

"एच, व्ही, झेड, डी, एस," यार्को ठणठणीत आवाजात वाचू लागला.

ती खळखळून हसली. "पुरे झाली थट्टा! बदकाला डी म्हणतोस?"

तो हसला नाही. खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले होते.

योन्नाचं हसू हळूहळू विरलं. ती समोर आली, वाकली, आणि तिने त्याच्या डाव्या डोळ्यात पाहिलं. आठ खेपा. दर खेपेला एकेक ओळ पुढे. फ्रेमांची मांडणी डाव्या हाताला होती. आणि तळ्याकाठी ती नेहमी उजवीकडे...

"तू तक्ता पाठ केलास," ती म्हणाली.

त्याने खुर्चीच्या हातांवरची पकड सोडली.

"म्हणजे तू या अक्षरांसाठी येत होतास. माझ्यासाठी नाही."

"पहिल्या दोन खेपांना अक्षरांसाठी."

"आणि नंतर?"

"नंतर..." त्याने डोळ्यावरची झाकणी काढली. "दोन खेपांत अक्षरं पाठ झाली होती, योन्ना."

 तिने हात पुढे केला आणि त्याच्या मोडक्या नाकावरून एक बोट हळूच फिरवलं. त्याने ते बोट आपल्या हातात धरून ठेवलं. कितीतरी वेळ. 

मग तिने त्याला दुसऱ्या यंत्रापुढे बसवलं. नजरेचा आवाका मोजायचं यंत्र ते. पांढऱ्या वाटीत हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला ठिपक्यांमागून ठिपके चमकले. बटण एकदाही वाजलं नाही. यंत्रातून कागद बाहेर आला. त्याचा अर्ध्याहून जास्त भाग काळा होता.

गेल्या मार्चमध्ये खेळताना रबराची चकती त्या डोळ्याला लागली होती, त्याने सांगितलं. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, सुधारतंय. ऑक्टोबरपासून कडा काळवंडायला लागली. त्याने कुणालाच सांगितलं नाही.

"उद्याच्या उद्या मोठ्या इस्पितळात जायचं. उरलीय ती नजर तरी वाचेल," योन्ना म्हणाली.

"जाईन. नक्की जाईन." त्याने जाकिटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "आधी एवढं कर. क्लब पुढच्या दोन हंगामांचा करार द्यायला तयार आहे. जानेवारीत नजर चांगली असल्याचा दाखला हवा. तुझी एक सही."

ती कागदाकडे बघत राहिली. तिचं बोट अजून त्याच्या हाताने उबदार होतं.

"हे मागायच्या आधी मघाचं ते बोललास..." तिने कागद परत त्याच्याकडे सरकवला. "ते यासाठी होतं?"

"नाही! देवाशपथ नाही."

"मला कसं कळायचं?"

"योन्ना, मी चौतीस वर्षांचा आहे. दहावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही. मला दुसरं काहीच येत नाही. पाठीमागे स्केटिंग करायचं आणि माणसाला अडवायचं, एवढंच येतं मला. हे गेलं तर मी कोण?"

"तुझ्या डावीकडून माणूस येतो तेव्हा तुला दिसतो?"

"अंदाज येतो. पंधरा वर्षं झाली."

"अंदाज येतो!" ती उठून उभी राहिली. "नाही यार्को. मी सही नाही करणार."

त्याने कागद उचलला, चार घड्या केल्या, खिशात घातला. दारापाशी तो थांबला – मांडणीला धक्का लागू नये म्हणून पूर्ण मान वळवून त्याने ती कुठे आहे ते बघून घेतलं – आणि बाहेर पडला.

नंतरचे दहा-बारा दिवस योन्नाने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांचं दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. क्लबला कळवणं शक्य नव्हतं. राउनीलाही सांगता येईना. तिने यार्कोला तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. तिने लिहिलं, 'निदान इस्पितळात जा.' उत्तर नाही. ख्रिसमसला सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलं. योन्नाही आईच्या कबरीपाशी गेली, आणि आईशी बोलायचं सोडून मनातल्या मनात यार्कोशीच भांडत राहिली.

ख्रिसमसनंतरच्या शनिवारी ती राउनीला म्हणाली, "मला मॅचला ने."

राउनीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "भांडलात ना? बरं, चल. भांडण झाल्यावर माणसाला लांबून बघावं. बरं असतं."

पाच वाजता सामना सुरू झाला. हॉल खच्चून भरलेला. भाजक्या सॉसेजचा आणि ओल्या लोकरीचा वास. राउनी नवऱ्याच्या खुर्चीवर, योन्ना शेजारी. योन्नाला खेळ कळत नव्हता, चकती कुठे असते ते दिसतही नव्हतं. ती फक्त पाठीवरचा सत्तावीस आकडा बघत होती.

तो सुंदर खेळत होता. दुकानात अवघडून उभा राहणारा तो आडदांड माणूस बर्फावर पाण्यासारखा वाहत होता. मागे मागे सरकायचा, समोरच्याला हळूहळू मैदानाच्या कडेच्या फळ्यांकडे ढकलत न्यायचा, आणि त्याची वाटच संपवून टाकायचा. दर थोड्या वेळाने मान मात्र गर्रकन डावीकडे वळायची. सारखी. फार सारखी. हे त्या तीन हजार माणसांत एकट्या योन्नाला कळत होतं.

दुसऱ्या टप्प्यात चकती गोलमागच्या कोपऱ्यात गेली. यार्को ती आणायला गेला, पाठ मैदानाकडे. पाहुण्यांचा एक खेळाडू त्याच्या डावीकडून वेगाने येत होता. योन्नाला तो दिसला. लख्ख दिसला.

"डावीकडे!" ती किंचाळली. "यार्को, डावीकडे!"

तीन हजारांच्या गलक्यात कुणाला काय ऐकू येणार? यार्को चकती घेऊन त्याच बाजूला वळला. तिथे कुणी नाही असंच त्याला वाटत होतं. त्याची स्टिक वर उचलली गेली आणि तिचं टोक समोरच्याच्या चेहऱ्यावर बसलं.

तो माणूस तोंड धरून खाली कोसळला. बर्फावर लाल थेंब पडले. मग थेंबांची धार झाली.

 यार्को हातमोजे टाकून त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता, काहीतरी बोलत होता. पंचाने त्याला उठवलं. चार मिनिटं खेळाबाहेर बसायची शिक्षा. काचेच्या त्या कोंडवाड्यात तो एकटा बसला. हेल्मेट काढलं. मग सावकाश मान डावीकडे वळवत वळवत, एकेक रांग चाचपडत, त्याने शेवटी योन्नाला शोधून काढलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. ती नजर पुढे कितीतरी दिवस तिला झोपू देणार नव्हती.

शिक्षा संपली. तो बर्फावर गेला नाही. प्रशिक्षकाशी दोन शब्द बोलला आणि खेळाडूंच्या बोगद्यातून आत निघून गेला.

सोमवारी सकाळी योन्ना दुकान उघडायला आली तेव्हा तो दाराशी उभा होता. दाढी वाढलेली, खांद्यांवर बर्फ.

"त्याला भेटून आलो," तो म्हणाला. "भुवईच्या खाली सात टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता." त्याने खांद्यांवरचा बर्फ झटकला. "तो मला म्हणाला, खेळात होतं असं. मलाच कॉफी पाजली त्याने. दोन लहान मुली आहेत त्याला... पलंगावर चढून बसल्या होत्या."

योन्नाने कुलूप काढलं. दोघं आत गेली. तिने दिवा लावला.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"जेवढं आहे तेवढं."

तिने लिहिलं. यंत्राचा तो काळा कागद मागे जोडला. सही केली तेव्हा आपलंच नाव तिला परकं वाटलं. यार्कोने कागद घेतला, वाचला नाही.

"माझी चूक होती," ती म्हणाली. "तुला अडवायला हवं होतं मी. कसंही करून."

"तू अडवलंस. मी थांबलो नाही."

पंधरा वर्षांची कारकीर्द क्लबच्या कचेरीत वीस मिनिटांत संपली. जानेवारीत एका सामन्याआधी त्याला साध्या बुटांत बर्फावर उभं केलं, फुलांचा गुच्छ दिला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. राउनी ढसाढसा रडली. यार्को गुच्छ काठीसारखा धरून उभा होता, कुठे बघावं ते न कळून. इस्पितळात सांगितलं होतं, उरलेली नजर टिकेल. गेलेली येणार नाही.

फेब्रुवारीत तो उत्तरेला, केमियार्वीला बहिणीकडे जायला निघाला. सकाळची आठची बस होती. येऊ नकोस असं त्याने योन्नाला सांगितलं होतं. ती गेली. त्याचं सगळं सामान एका पिशवीत मावलं होतं.

"तुला कुणी सांगितली वेळ?"

"वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. मला वाचता येतं."

तो हसायला गेला, जमलं नाही. ड्रायव्हर पिशव्या बसच्या पोटात ढकलत होता. योन्नाला वाटलं, आत्ता नाही म्हटलं तर मग कधीच नाही. तिच्या घरात असले शब्द बोलायची पद्धतच नव्हती; आईबापांनी एकमेकांना चाळीस वर्षांत म्हटले नसतील. तिने हातमोजे काढले, का कुणास ठाऊक, आणि म्हणून टाकलं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

यार्कोने पूर्ण मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "आणि माझंही आहे. म्हणून तर तुझा इतका राग येतो. तुझ्याकडे बघितलं की तो कागद दिसतो, योन्ना. तू बरोबर होतीस. पण मला दिसतो. मी काय करू?"

 त्याने तिचे गारठलेले हात आपल्या तळहातांत घेतले, तोंडाशी नेऊन त्यांवर फुंकर घातली, हातमोजे पुन्हा तिच्या हातांत चढवले – एकेक बोट नीट बसवून. मग बसमध्ये चढला.

मार्च गेला. एप्रिलात तळं फुटलं, बर्फाचे तुकडे रात्रंदिवस एकमेकांवर आपटत राहिले. त्याचं पत्र नाही, फोन नाही. जूनमध्ये उजेड मावळेना तसं योन्नाला आणखी एकाकी वाटू लागलं. अंधारात निदान तोंड लपवता येतं. राउनीने काही दिवस चिडवून पाहिलं, मग चिडवणं सोडलं, आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिने रजेचा कागद स्वतःच भरून योन्नापुढे सरकवला.

"मी कुठे मागितली रजा?"

"तू मागणार नाहीस. तोही बोलावणार नाही. दोन दगड! एकाने तरी घरंगळायला नको?"

केमियार्वीपासून बारा मैलांवर, रस्ता संपतो तिथे घर होतं. भाड्याची गाडी योन्नाला फाटकाशी सोडून धुरळा उडवत परत गेली. अंगणात डासांचे थवे. गोदामापुढे यार्को लाकडं फोडत होता. कुऱ्हाड उचलण्याआधी दर वेळी मान वळवून ओंडका नीट बघून घ्यायचा, मग घाव घालायचा. बराच काळ सराव केलेला दिसत होता. तो बारीक झाला होता.

ती त्याच्या डावीकडून आली, म्हणून त्याला दिसली नाही. ती तशीच उभी राहिली. पावलांखालची कपची मोडली, तेव्हा त्याने वळून पाहिलं.

कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून तो सरळ झाला.  विहिरीवर जाऊन हात धुतले, पायरीवर ठेवलेली किटली चुलाण्यावर चढवली, दोन कप आणले. एकाचा कान मोडका होता. तो त्याने स्वतःकडे ठेवला. योन्ना पायरीवर बसली. तोही बसला, मध्ये हातभर जागा सोडून.

"किती दिवस आहेस?" त्याने विचारलं.

"दहा दिवसांची रजा आहे."

त्याने तिच्या कपात कॉफी ओतली. मानेवर बसलेला डास मारला. लांब झाडांपलीकडे बहीण बादली घेऊन ब्लूबेरी वेचत होती, तिने हात हलवला, योन्नानेही हलवला.

"दहा दिवसांत माझा राग जायचा नाही," यार्को म्हणाला.

"नाही ना?" योन्नाने कप दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेतला. कॉफी कडू होती, फार कडू. "मग रजा वाढवून घेईन."